पाणकोंबडीच्या कपाळाचा रंग

डाळिंबी नव्हे, गाजरी.

चहात बुडालेला ब्रश.

तळ्याकाठी घडीच्या दोन खुर्च्या, एकीचा पाय चिखलात.

"एकदा धुतलं की बसेल."

मधोमध काळा डाग.

डाग कागदावर नव्हता, तिच्या डोळ्यांत होता. ती बघेल तिथे तिच्याआधी पोचायचा. पाणकोंबडीकडे थेट पाहिलं की पाणकोंबडी गुल. शेजारच्या लव्हाळ्याकडे पाहिलं, की चोरासारखी कडेने दिसायची. उरलेल्या नजरेचाही डॉक्टरांनी भरवसा दिला नव्हता. तळ्यावरच्या पक्ष्यांच्या चित्रांची वही भरत आली होती. घरट्यावर बसलेली पाणकोंबडी तेवढी रंगवायची राहिली होती. पेन्सिलीचं चित्र परवाच जमलं होतं, कधी नव्हे इतकं.

"अहो, कपाळ कुठल्या रंगाचं आहे?"

नवरा शिंपी. त्याला रंग रिळांवरून कळायचे. "गाजरी."

"परवा डाळिंबी म्हणालात."

"परवा ऊन नव्हतं गं."

"तुमच्या गिऱ्हाइकांचं कसं होत असेल!"

तिने ब्रश बुडवला तो चहात. उघड्यावर रंगवणाऱ्या सगळ्यांचंच असं होतं. पूर्वी तो पोट धरून हसायचा. आज त्याने गुपचूप कप उचलला आणि पाण्याची वाटी तिच्या हाताखाली सरकवली.

तिने श्वास रोखून रंगवलं. अंग काळं, कपाळ गाजरी, चोचीचं टोक पिवळं. मग वही त्याच्यापुढे धरली.

त्याने वही उन्हाकडे कलती केली.

"छान आहे. वाळलं की बसेल."

हा त्याचा दुकानातला आवाज होता. बाही तोकडी झाली, खांदा चुकला, की गिऱ्हाइकाला तो असंच समजवायचा: एकदा धुतलं की बसेल. आणि आत बटणं लावता लावता ती तोंड दाबून हसायची.

"कुठे भरला मी रंग?"

"अगं..."

"मी गिऱ्हाईक नाही. कुठे?"

त्याने तिचं बोट धरून कागदावर टेकवलं. ओलं. मग तेच बोट चार बोटं डावीकडे नेलं. तिथे पेन्सिलीच्या बारीक खाचा लागल्या, कोरड्या.

"कोंबडी इथे आहे."

"म्हणजे मी पाणी रंगवलं. काळं." तिला हुंदका आवरेना. "अहो, मला हे एकच हवं होतं. एकच."

"मी बोट धरतो. पुन्हा भर."

"बसेल म्हणू नका फक्त."

"नाही म्हणत."

तिने ब्रश मागितला. त्याने बोटाबरोबर तिचं मनगटही धरलं.

लग्नाआधी त्याने तिला शिवून दिलेला पहिला कोट कितीदा धुतला तरी बसला नव्हता.