मोतीरामचा फळा

मित्रांनो, कालचं अंगावर ठेवायचं नाही, हा आम्हा फळ्यांचा धर्म. रोज सकाळी ओलं फडकं फिरतं आणि सगळं पुसून जातं. पण मी एक जुना फळा आहे. इतक्या वर्षांत थोडंफार लाकडात मुरलंच. ते ऐकण्याजोगं आहे की नाही, याची मला खात्री नाही. कंटाळा आला तर खुशाल खेळायला जा.

सागाच्या फळ्या जोडून एका सुताराने मला घडवलं आणि मी एका वाचनालयाच्या दारात लागलो. माझ्यावर सुविचार लिहीत. फार सुखाचे दिवस होते ते! पुढे तिथे पांढरा, गुळगुळीत फळा आला. मी अडगळीत पडणार, तेवढ्यात देऊळघाटच्या मोतीरामने मला मागून घेतलं आणि सायकलला बांधून आपल्या रोपवाटिकेत आणलं. अंगावरचे सुविचार गेले, मिरची-वांगी आली. सुरुवातीला मला जरा कमीपणा वाटला, खोटं कशाला बोलू?

पण मोतीरामची एक रीत होती. सकाळी उठून तो हिरव्या जाळीखाली जाई, ट्रेमधलं एक रोप उपटून त्याची मुळं पाही आणि मगच खडू हातात घेई. 'वांगी तयार.' 'टोमॅटो अजून दोन दिवस.' रोपं संपली, की सरळ लिही, 'मिरची संपली. शेषरावांकडे आहे.' शेषरावांची रोपवाटिका पुढच्या शिवारात होती.

त्याची बायको सोजराबाई चिडे. "आपलं गिऱ्हाईक त्याले काऊन देता?"

"गिऱ्हाईक गेलं त वापस येते," मोतीराम म्हणे. "भरोसा गेला त येत नाही."

लोक मला वाचून आपल्या शेताचा बेत ठरवत. मग मला कळलं, की हेसुद्धा सुविचारच आहेत.

एके वर्षी सून प्रतीक्षाने फोनमध्ये एक नवं साधन घेतलं. दरमहा पैसे भरायचे. ते आपलं आपण चित्रं बनवणार, ठरल्या वेळी जाहिरात टाकणार आणि लोकांना उत्तरंही देणार. प्रतीक्षा हुशार आणि कामसू. तिने पुढच्या सगळ्या जाहिराती एकाच बैठकीत भरून टाकल्या. 'मिरचीची रोपे तयार!' त्या दिवशी ते खरंही होतं. आणि माणसं आली हो, ज्यांनी देऊळघाट पाहिलंही नव्हतं अशी माणसं आली! मोतीराम खूश झाला. मला त्यांनी पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवलं. माझी तक्रार नाही. टाकीलाही झाकण लागतंच.

एकदा चिखलीकडच्या इंद्रभानने फोनवर लिहून विचारलं, 'मोतीरामभाऊ घरी हायेत काय?' साधनाने तत्काळ उत्तर दिलं, 'हो! साठा मर्यादित आहे. आजच नोंदणी करा!'

सोजराबाई हसून हसून खाली बसली. "खरंच हाय! माह्याजवळ एकच नग हाय, अन् तोही जुना!"

पण दोनच दिवसांनी तो इंद्रभान जीप भाड्याने करून दारात उभा राहिला. शेत तयार होतं, पाण्याच्या नळ्या अंथरलेल्या होत्या, फक्त मिरचीची रोपं लावायची होती. आणि जाळीखाली मिरचीचा एकही ट्रे उरला नव्हता.

"भाऊ, आज सकाळीच तुमच्या फोननं सांगतलं, रोपं तयार हायेत म्हणून!" तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाची जाहिरात असती त मी आलोच नसतो. तुमचा शब्द म्हणून आलो."

मोतीरामने रिकाम्या जाळीकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. मित्रांनो, मला टाकीवरून सगळं दिसत होतं, पण फळा बोलणार कसा?

प्रतीक्षा धावत आली. तिने मला टाकीवरून ओढलं, ओढणीनेच पुसलं आणि लिहिलं, 'मिरची संपली. शेषरावांकडे आहे.' मोतीरामने ते वाचलं आणि तो जीपमध्ये चढला. "चाल बे इंद्रभान. तुले रोपं भेटल्याबिगर मी घरी येत नाही."

शेषरावांकडून ट्रे भरून दिले, तेव्हाच तो परतला.

"मामाजी, ते बंद करून टाकते," प्रतीक्षा हिरमुसून म्हणाली.

"बंद कायले? लोक त त्यानंच आणले."

"आणले. पण इंद्रभानभाऊले फुकट जीप करायलेही त्यानंच लावलं."

"त्याचा काय गुन्हा, पोरी? काल सांगतलेलं ते आज बोलून राह्यलं. मुळं पाहाले जाळीखाली कोण गेलं होतं?"

प्रतीक्षाने थोडा विचार केला आणि पुढच्या महिन्याचे पैसे काही भरले नाहीत. आता रोज सकाळी मोतीराम रोप उपटून पाहतो, माझ्यावर लिहितो आणि ती माझा फोटो काढून सगळ्यांना पाठवते. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. इथे आल्यापासून गावाबाहेर कधी न गेलेला मी आता चिखलीपर्यंत जातो! फोटोत माझी एक चीर दिसते, त्याचा थोडा संकोच वाटतो.

परवा माझ्या फोटोखाली इंद्रभानने लिहिलं, 'भाऊ घरी हायेत काय?'

प्रतीक्षाने स्वतः उत्तर दिलं, 'हायेत. या चहाले. तुमची मिरची कशी हाय?'

मित्रांनो, तुमच्या हाती खडू असो वा फोन, त्याला जपा. त्याला जपायचं म्हणजे कालचं पुसायचं आणि नवं लिहिण्याआधी जाळीखाली जाऊन एक रोप उपटून बघायचं.