ताप कोणत्या बाजारापासून?

आमच्या दवाखान्यात फ्लूच्या नमुन्यांचं टेबल एकच, आणि त्यावर बसणाऱ्या आम्ही दोघी. सोमवार-मंगळवार माझे, बुधवार-गुरुवार एन्योनामचे. नियम एकच: अडतीसच्या वर ताप, खोकला आणि आजार सात दिवसांच्या आतला. असे रोज पहिले पाच रुग्ण घ्यायचे, नाकातून काडीने नमुना काढायचा आणि बर्फाच्या डब्यातून राजधानीत, अक्राला पाठवायचा.

शुक्रवारी निकाल यायचे. माझ्या दहा नमुन्यांपैकी एखाद्यात विषाणू सापडायचा. तिच्या दहांपैकी चारांत.

"एन्योनामला फ्लूचा वास येतो," आमचे प्रमुख एफो सेनानू सगळ्यांसमोर म्हणायचे. मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर, ती शाळेनंतर पट्ट्या बांधायला लागलेली. त्या दिवशी मला दुपारची मक्याची केंकी गिळवायची नाही.

मार्चमध्ये अक्राच्या प्रयोगशाळेतून पत्र आलं. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, जागा एकच. ती मला हवी होती. एन्योनाम नियम मोडून जास्त आजारी मुलंच निवडते, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ते सिद्ध झालं की जागा माझी. एका बुधवारी मी औषधांच्या कपाटाशी गोळ्या मोजत बसले आणि कान टेबलाकडे लावले.

पाठीवर मुलगी बांधलेली एक बाई आली.

"दावी, पोरीला पहिल्यांदा ताप आला तो कोणत्या बाजारापासून?" एन्योनामने विचारलं. आमचा बाजार दर पाचव्या दिवशी भरतो.

"मागच्या बाजारात मी कांदे विकत होते आणि ही पाठीवर नुसती भाजत होती."

"आणि त्याच्या आधीच्या?"

"तेव्हाही अंग गरम होतंच. पण तो मलेरिया गं! दुकानातून तीन दिवसांच्या गोळ्या आणल्या. हा खोकला परवापासूनचा."

एन्योनामने बोटांवर मोजलं. "नऊ दिवस झाले. औषध देते, पण नाकात काडी नको."

"सुटले बाई! ती सोमवारवाली असती तर विचारायच्या आधीच काडी खुपसली असती."

एन्योनाम हसली. मी गोळ्या मोजायला चुकले.

मी विचारायचे, "किती दिवस झाले?" आया सांगायच्या, "तीन." आमच्याकडे प्रत्येक ताप आधी मलेरिया असतो. त्याच्या गोळ्या संपल्यावर जे उरतं, तो नवा आजार, आणि दिवस तिथून मोजायचे. दीड वर्ष मी सुवाच्य अक्षरात 'तीन' लिहीत होते. बहुतेकांच्या नाकातला विषाणू माझी काडी पोचेपर्यंत निघून गेलेला असायचा.

तिने काहीच मोडलं नव्हतं. हे कळून मला जास्तच राग आला. हा प्रश्न मला सुचायला हवा होता!

पुढच्या सोमवारपासून मीही बाजार विचारू लागले. कुणाला बोलले नाही. महिन्याभरात माझेही दहांपैकी चार.

"सेफाकोर, काय जादू केलीस?" एफोंनी विचारलं.

"सराव झाला."

"मग तुझंच नाव पाठवतो. पदवीही आहे." त्यांच्यासमोर आमच्या दीड वर्षाचा आलेख होता. "आणि हा जातोय मंत्रालयात. लस कोणत्या महिन्यात द्यायची ते यावरून ठरणार."

मी वाकून पाहिलं. जूनमध्ये उंच असायला हवी ती रेघ जेमतेम उचलली होती. निम्मे ठिपके माझे होते. मी गप्प बसले तर अक्रा माझं होतं.

"माझे आधीचे आकडे यातून काढा," मी म्हणाले. "आजाराचे दिवस चुकीचे आहेत." मग सगळं सांगितलं.

"हा बाजाराचा प्रश्न कुणाचा?"

"एन्योनामचा."

"मला कधी बोलली नाही ती."

"तिला वाटत असेल, सगळेच तसं विचारतात."

एफोंनी माझं नाव खोडलं.

एन्योनाम अक्राला गेली तो सोमवार होता. गाड्यांच्या अड्ड्यावर अर्धा दवाखाना लोटला होता. ट्रोट्रोच्या खिडकीतून तिने मला हाक मारली. "सेफाकोर, आता चारही दिवस तुझे. जमेल ना गं?"

तिच्या आवाजात खरी काळजी होती. टोमणा असता तर मी परत दिला असता.

"जमेल," म्हणाले, आणि गाडी सुटायच्या आधीच टेबलाकडे निघाले.