एकवीस दिवसांचा लेप

कानडी मुलखातल्या आमच्या शहरात, शिवाजीनगरच्या बसस्टँडामागे, जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात, १९९७ सालच्या त्या रविवारी पन्नासेक माणसं श्वास रोखून उभी होती. अंजनस्वामींनी चांदीचा ताईत एका पांढऱ्या गाडीच्या दारावर टेकवला आणि हात काढून घेतला. ताईत पडला नाही. उभ्या पत्र्याला तसाच चिकटून राहिला. बायकांचे हात आपोआप जोडले गेले.

“नोडी स्वामी, बघा!” अंजनस्वामी गरजले. “जिथं रक्त सांडलंय तिथं देवी क्षणभर थांबत नाही. या गाडीला तिनं धरलंय!”

माझा थोरला भाऊ गुंडूराव, आमचा अण्णा, रडत होता. दोन वर्षांपूर्वी त्याचा मुलगा विद्याधर स्कूटरच्या अपघातात गेला. आता धाकटी वाणी कॉलेजात जाऊ लागली होती. तिला दुचाकी नको, चारचाकीच हवी, जुनी चालेल, पण अपघात न झालेली हवी, असा त्याचा हट्ट. विकणाऱ्याचं तोंडी वचन त्याला पुरेना, म्हणून विकणाऱ्यानेच स्वामींना बोलावलं. हे दोघे एकमेकांचे कोण, हे विचारायचं अण्णाला सुचलं नाही.

ताईत उजव्या दारांवर फिरला, टपावर फिरला. डाव्या बाजूला आल्यावर मात्र स्वामींनी तो कनवटीला लावला. “इथं देवी वस्तीला राहणार,” म्हणत त्यांनी हळद, कुंकू आणि गुळाचा लेप मागच्या दारावर आणि दोन दारांमधल्या खांबावर जाड थापला. “एकवीस दिवस पुसायचं नाही. पुसलं तर देवी निघून जाईल.”

मी पॉलिटेक्निकमध्ये पदार्थविज्ञान शिकवतो. डाव्या काचेच्या काळ्या रबरावर मला पांढऱ्या रंगाचे बारीक शिंतोडे दिसले. कारखान्यात रबर बसवतात ते रंग झाल्यावर, म्हणजे ही बाजू नंतर कुणीतरी पुन्हा रंगवली होती. मी पुढे सरकलो.

“अण्णा, स्वल्प थांब. ते दार मला वाजवून बघू दे.”

आमच्या आईनं, तुंगाबाईनं, माझा दंड धरला. “गिरी, आज नको रे. दोन वर्षांनी त्यानं देवापुढं हात जोडलेत. जोडू दे.”

“सरी, बरं,” मी म्हणालो आणि मागे झालो.

अण्णानं गाडी घेतली. बाराव्या दिवशी लेपातल्या गुळाला मुंग्या लागल्या. वाणीला चावतील म्हणून आईनं ओल्या फडक्यानं लेप पुसून काढला. “गुंडू, इथला रंग निराळा दिसतो रे. पिवळट आहे,” ती म्हणाली. अण्णानं रंगाकडे पाहिलंच नाही. लेप पुसला गेला, एवढंच त्याला दिसलं.

सतराव्या दिवशी होसूर रोडच्या सिग्नलला वळणारा पाण्याचा टँकर गाडीच्या डाव्या बाजूला घासला. वेग माणसाच्या चालण्याइतका. तरीही तो खांब आत दुमडला. वाणी मागे डावीकडे बसली होती. ती वाचली. तिचा डावा हात कोपरापासून काढावा लागला.

“देवीला तू घालवलंस,” अण्णा आईला म्हणाला. त्यानंतर तो तिच्याशी बोलेना. वाईट हे, की आईलाही ते पटलं. बहात्तर वर्षांची बाई एकच वेळ जेवू लागली. नातीच्या खोलीत पाऊल टाकायची नाही, उंबऱ्याबाहेर बसून राहायची.

तेव्हा कुठे मी प्रयोगशाळेतलं चुंबक खिशात घातलं आणि गाडी पडून होती त्या गॅरेजमध्ये अण्णाला आणि आईला नेलं. चुंबक उजव्या दाराला लावलं. चिकटलं. टपाला लावलं. चिकटलं. डाव्या मागच्या दाराला लावलं, ते खाली पडलं. अण्णानं उचलून पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. मी पेचकसानं रंग खरवडला. चेपलेले खड्डे बुजवायची पुट्टी निघाली, बोटभर जाडीची, तिच्याखाली जुना चेपलेला पत्रा, आणि खांबात दोन गंजक्या तुकड्यांचा कच्चा जोड.

“ताईतात चुंबक होतं,” मी म्हणालो. “पुट्टीला चुंबक धरत नाही, म्हणून स्वामीनं तो डावीकडे लावलाच नाही. नवा रंग जुन्याशी जुळत नव्हता, म्हणून वर लेप. आईनं कुणाला घालवलं नाही, अण्णा. आपल्यात खरं काय ते तिनं एकटीनं पाहिलं होतं.”

अण्णा तिथेच आईच्या पायांशी बसला. आईनं हात उचलला, थांबली, आणि मग त्याच्या डोक्यावर ठेवला. मग त्यानं मला विचारलं, “गिरी, तुला त्याच दिवशी कळलं होतं?”

“शंका आली होती.”

“मग?”

मी चुंबक मागायला हात पुढे केला. त्यानं चुंबक मला परत दिलं नाही, मुठीत धरून घरी नेलं.

जुनी गाडी घेणार असाल, तर साधं चुंबक फडक्यात गुंडाळून सगळ्या पत्र्यावर फिरवा. जिथं कुणी फिरवू देत नाही, तिथं आधी फिरवा. लेप असेल तर पुसा. पुसल्यानं कुठलाच देव जात नाही. आणि शंका आली तर तेव्हाच बोला, समोरचा माणूस रडत असला तरी बोला. मी त्या दिवशी भावाचं मन राखलं. आता रोज सकाळी वाणीची वेणी आजी घालते.