पडणाऱ्यांची गादी

"म्हणजे दोरी नाहीच?" शिवदासने पुन्हा विचारलं.

"नाही हो काका. दगडावर नुसत्या हातापायांनी चढायचं. सुटलो की तुम्ही शिवाल त्या गादीवर." बँकेतल्या राजनने नकाशा उघडलेला मोबाइल आखातातल्या अराद‌च्या सोफ्याच्या दुकानातल्या टेबलावर ठेवला. "हिमाचलात छत्रू. बर्फ वितळलं की चार महिने रस्ता मोकळा. लीव्ह मिळाली, शुक्रवारची फ्लाइट."

सोबतची श्रेया इथेच वाढलेली. तिने बोट उचलून बजावलं, "अंकल, हार्ड फोम वर. सॉफ्ट खाली. प्लीज."

"बरं ताई."

दोघं बाहेर पडताच शिवदास पुटपुटला, "दगडार चढूक इमानान जातत! आमच्या गावच्या सड्यार फुकट आसत."

एकतीस वर्षं तो इथे अरबांच्या बैठका शिवत होता. कडक फोम वर? बसणाऱ्याला काय, फळीवर बसल्यासारखं वाटायला? काल जन्मलेली पोर त्याला फोम शिकवणार! मोबाइलवर बुवांचं कीर्तन लावून, तोंडाने अभंग धरून, त्याने मऊ फोम वर घेतला आणि दुहेरी शिवण घातली. गादी अशी झाली की नवरदेवाला बसवावं.

गुरुवारी दुपारी, कापणी करणाऱ्या उबेदला त्या लोकांची नक्कल दाखवायची त्याला हुक्की आली. तो टेबलावर चढला. "देख उबेद, साहब लोग कैसे गिरते हैं!" आणि त्याने उडी टाकली.

मऊ फोम बाजूला सरला, एका टाचेच्या भाराखाली खालच्या कडक फोमनेही दम सोडला, आणि टाच थेट सिमेंटवर आदळली. कळ कमरेपर्यंत गेली.

"शिवदासभाई! सलमानिया अस्पताल ले चलूँ?"

"मफी, कुछ नहीं." तो दात आवळत उठला. कीर्तनात बुवांनी काहीतरी विनोद केला असावा. श्रोते खो खो हसत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कीर्तन मध्येच बंद केलं. टेबल ते केवढं, कमरेएवढं. ती पोर दोन पुरुष उंचीवरून सुटणार होती.

तेवढ्यात दोघं आलीच. राजनने गादी तळव्याने दाबली. "वा! लोण्यासारखी! चल श्रेया, धर."

हाताला तर ती छानच लागत होती. कुणाला काही कळलं नसतं.

"ठेवा ती खाली," शिवदास म्हणाला. "चुकलंय माझं. ताईने सांगितलं तसं केलं नाही."

"आज पॅकिंग आहे!" राजन भडकला. "एक साधी गोष्ट सांगितलेली. तुम्हा लोकांना ना, डोकं वापरायचंच नसतं."

उबेदने मान खाली घातली. शिवदासने मात्र घातली नाही. "सकाळी सातला तयार ठेवतो, साहेब."

श्रेयाचं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. "अंकल... यू जम्प्ड?"

त्याने पाय टेबलाआड ओढला.

ती दोघं गेल्यावर उबेद गाडीची किल्ली घेऊन आला. "यल्ला, चलो, पहले पैर दिखाते हैं."

"पहले ये." शिवदास दुखरा पाय लांब करून जमिनीवरच बसला आणि त्याने शिवणीला ब्लेड लावलं. शिवण इतकी पक्की होती, की पहिला टाका तुटेपर्यंत ते दोनदा निसटलं.