वर धरलेला हात

दिग्दर्शकाला त्याच्या माघारी सगळे करुणासागर म्हणत. हे नाव अ‍ॅनिमेटर बाईंनी ठेवलं होतं, आणि नाक मुरडल्याशिवाय त्यांनी ते कधी उच्चारलं नव्हतं. करुणासागर कार्टून चित्रपट काढत होता. त्यातला नायक नुसता हात उगारून अख्खी इमारत भुईसपाट करायचा, पण शेवटी, शत्रू पायाशी लोळत असताना, तो उगारलेला हात खाली घ्यायचा. "ताकद असणं सोपं, ती न वापरणं अवघड," हे वाक्य करुणासागर येताजाता ऐकवायचा. एकदा तर चहा गार आला म्हणून फोन घेणाऱ्या मुलीला रडवलं आणि लगेच रुमालाने ओठ टिपत हेच ऐकवलं.

तो शेवटचा हात बाईंच्या वाट्याला आला होता. त्यांनी तो तऱ्हेतऱ्हेने काढून दाखवला. दर वेळी करुणासागर पडद्यासमोर मान तिरकी करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "यात जीव नाही."

मग एका दुपारी त्याच्या डोक्यात आलं की खरा हात बघून काढायचा. मागची आभाळं आणि पडक्या भिंती रंगवणारे काका समोरच बसले होते. साठी उलटलेली, उजवा खांदा कायम दुखरा. त्याने त्यांना खोलीच्या मधोमध उभं केलं, तोच उजवा हात वर धरायला लावला आणि कॅमेरा सुरू केला.

थोड्या वेळाने हात थरथरू लागला. काकांच्या कपाळावर घाम आला. एरवी कुणाच्या भानगडीत नाक खुपसायला सदैव तयार असलेली मंडळी आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसली.

"हेच! हेच हवंय!" करुणासागर टाळ्या पिटत म्हणाला. "खाली नाही घ्यायचा, काका. मी सांगेपर्यंत नाही."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या उठल्या, काकांचा हात धरून हळूच खाली आणला आणि म्हणाल्या, "पुरे झालं."

"कोणाला विचारून?"

"लाज वाटत नाही? वर तोंड करून दयेच्या गप्पा मारता!"

करुणासागरचा चेहरा पडला, पण क्षणभरच. मग तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही थकला आहात. उद्यापासून येऊ नका." आवाज न चढवता माणूस काढता आला, याचं समाधान त्याच्या तोंडावर तुपासारखं पसरलं.

बाई खण रिकामा करून जिन्यात आल्या, तर काका खांदा चोळत उभे. आता आभार मानतील, असं त्यांना वाटलं.

"तुला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" काका खेकसले. "हात माझा. तो वर धरायला लावतो, तू खाली ओढतेस. मी काय तुम्हा दोघांचं बाहुलं आहे?"

"काका, तुम्ही थरथरत होता."

"थरथरत होतो, मरत नव्हतो! त्याचं काम झालं असतं, तुझी नोकरी राहिली असती. आता पुन्हा उभं राहायचंय ते मलाच."

आणि ते वर गेले. बाईंना त्यांचाही राग आला. घरी पोचेपर्यंत स्वतःचाही आला.

चित्रपट लागला. तो आपटलेला बघायच्या आशेने बाई धाकट्या बहिणीला घेऊन गेल्या. बराचसा तसा होताही. नायक ऊठसूट प्रवचन झोडायचा, शत्रू कंटाळून शरण आल्यासारखा वाटायचा. पण मग तो हात आला. आधी बोटं थरथरली, मग कोपर, आणि कसलाही तोरा न मिरवता हात खाली आला. काकांचाच होता. सुंदर होता. असल्या हलकट माणसाच्या चित्रपटात इतकं चांगलं काही असावं, याची बाईंना चीड आली.

बहीण डोळे पुसत होती. "ताई, किती मोठं मन असेल गं हे सुचलेल्या माणसाचं!"

"नाक पूस आधी," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी काकांना फोन लावला, हात छान आलाय म्हणाल्या. काका नुसतेच "हं" म्हणाले. खांद्यावर उपचार चालू होते, रंगकाम डाव्या हाताने रेटत होते.

"पुढचा चित्रपट क्षमेवर आहे," ते म्हणाले. "नायक कड्यावरून कोसळतो. मला पडून दाखवायला सांगतोय."

"मग?"

"खाली गादी घालणार का, ते विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही."