मढ्याचं काम

मथुराबाईंनी चादर पुन्हा वर केली, खाली निजलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तशाच कोरड्या डोळ्यांनी कॅमेऱ्याकडे मान वळवली.

"कट," रणधीर म्हणाला. "मावशी, इकडं नका बघू. तुमचा मुलगा मेलाय."

"व्हय, सांगितलंय की तुमी. पर रडूच येत न्हाय, तर काय करू?"

चादरीखालचा नट, सोलापूरचा मल्लिनाथ, उठून बसला आणि गालावरच्या माश्या हाकलू लागला. सिनेमा काळा-पांढरा होता. दिग्दर्शक रणधीर त्याला कला म्हणायचा. कॅमेरामन म्हणायचा, एवढ्या पैशांत दुसरं काय होणार. पडद्यावर गडद दिसलं म्हणजे झालं, म्हणून रक्ताच्या जागी ते काकवी वापरत. ऊन चढलं की माश्या मढ्याला सोडत नसत.

गोष्ट होती एका उजाड गावात होणाऱ्या खुनांची. तिच्यासाठी रणधीरनं सास्तूरची भूकंपात पडलेली जुनी वस्ती निवडली होती. माणसं कधीच नव्या घरांत राहायला गेली होती. इथं राहिले होते ते दगडांचे ढीग आणि त्यांतून वर आलेल्या वेड्या बाभळी. मथुराबाईंना त्यानं चेहरा पाहून घेतलं. मागाहून त्याला गावातून कळलं, की भूकंप झाला तेव्हा त्या बाळंतपणाला ईटला, माहेरी गेल्या होत्या. नवरा आणि मोठी पोर इथं घरात झोपलेली होती. तान्ह्या युवराजला घेऊन त्या परतल्या तोवर सगळ्यांना एकत्रच अग्नी देऊन झाला होता. त्या रडल्या नव्हत्या. बायका अजून ते एकमेकींना सांगत.

रणधीरनं त्यांना त्यांचं घर कुठलं ते विचारलं. त्यांनी बोटानं जोतं दाखवलं. मढं तिथंच ठेवायचं ठरलं. त्यांनी नाही म्हटलं नाही; एवढंच म्हणाल्या, की चुलीची जागा जरा सोडा.

युवराज आता तिशी ओलांडलेला, लग्न झालेला होता. सास्तूर ते लोहारा टमटम चालवायचा. सिनेमावाले आल्यापासून त्यानं आपली रोजची गिऱ्हाइकं सोडून दिली होती आणि तो यांचंच सामान वाहत होता. आपल्याला एखादं काम द्या म्हणून त्यानं रणधीरला कितीदा तरी गळ घातली. रणधीर प्रत्येक वेळी 'बघू' म्हणायचा. आज मथुराबाईंमुळे सगळे खोळंबले, मल्लिनाथ वैतागला, तेव्हा युवराजनं रणधीरला पडक्या भिंतीमागं नेलं. दुसऱ्याच्या पोरासाठी ती रडायची नाही, हे त्यानं समजावून सांगितलं. मग म्हणाला, "मला निजवा. तिला सांगू नका."

रणधीरनं त्याच्याकडे नीट पाहिलं. आईच्या छातीचं काही दुखणं वगैरे आहे का, असं विचारलं.

"टणक हाय ती. भूकंपानं काय झालं न्हाय तिला."

मथुराबाईंना चहा देऊन बाभळीच्या सावलीत बसवलं. युवराज बॅटऱ्या आणायला लोहाऱ्याला गेलाय, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. इकडं त्याच्या कपाळापासून गळ्यापर्यंत काकवी ओतली गेली. त्याची बायको हर्षाली सगळ्यांसाठी भाकरी घेऊन आली होती; तिनं ते पाहिलं. युवराजनं ओठांवर बोट ठेवलं. ती थोडा वेळ उभी राहिली, मग खाली बसून धुतलेलीच भांडी पुन्हा धुऊ लागली.

निरोप कुणी द्यायचा यावर जरा कुजबुज झाली. रणधीरच्या मदतनीस मुलीनं सरळ नकार दिला. शेवटी तो स्वतः गेला. मथुराबाईंच्या समोर उकिडवा बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, युवराजची टमटम उलटली. त्याला तिकडं जोत्यावर आणलंय."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. तो कलंडला, म्हणून परत सरळ करून ठेवला. मग उठल्या आणि चालू लागल्या. दगड, काटे, कॅमेऱ्याच्या तारा, सगळं ओलांडून नीट चालत गेल्या. जोत्यावर चढताना मात्र त्यांनी गुडघ्यावर हात टेकला.

चादर वर केली आणि त्या पाहत राहिल्या. इतका वेळ, की कॅमेरामननं रणधीरकडे पाहिलं. रणधीरनं हात वर करून त्याला चालूच ठेवायला खुणावलं. माश्या युवराजच्या कपाळावर चालत होत्या. मग मथुराबाईंच्या पोटातून एक आवाज निघाला. तो रडण्यासारखा नव्हता, ओरडण्यासारखाही नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी पोराच्या छातीवर मारलं, तोंडावर मारलं, पुन्हा पुन्हा मारलं, ओठ फुटला तरी मारत राहिल्या. युवराजनं दम रोखून धरला. पापणीसुद्धा हलू दिली नाही.

रणधीरनं कट म्हटलं तेव्हा कोणीतरी टाळ्या वाजवल्या. युवराज उठून बसला, ओठावरून जीभ फिरवत हसला.

"माय, काय न्हाय झालं मला. काकवी हाय ही."

मथुराबाईंनी पदराच्या टोकानं त्याचा फुटलेला ओठ पुसला. पदराला लागलेलं बघितलं. मग त्या गावाकडे चालू लागल्या. हर्षाली भांडी तशीच टाकून त्यांच्या मागं गेली, पण तिला त्यांच्या बरोबरीनं चालता आलं नाही. त्या रात्रीही घरी नेहमीसारख्याच भाकरी झाल्या. सिनेमावाले जेवून गेले.

सिनेमा पुरा झाला, पण चालला नाही. पुण्यात एकदा रिकाम्या खुर्च्यांपुढं दाखवला म्हणे. थिएटरवाल्यांनी घेतला नाही. मोबाईलवर कुठंतरी होता, पण तो शोधून बघणारं कुणी नव्हतं. युवराजला मात्र खात्री होती, की एक दिवस त्याचं नाव होणार. टमटममध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला तो मढ्याचं काम कसं केलं ते सांगायचा. आईनं कसं मारलं आणि आपण कसे हललो नाही, हेही सांगायचा. मथुराबाई पुढच्या सीटवर बसलेल्या असल्या तरी सांगायचा.

दोन वर्षांनी रणधीर पडदा आणि मशीन घेऊन गावात आला. समाजमंदिराच्या खिडक्यांना पोती लावून भरदुपारी सिनेमा लावला. निम्मी माणसं रंग नाही म्हणून उठून गेली. उरलेली आपापल्या ओळखीचे दगड, बाभळी, बैल शोधत बसली. मथुराबाई येत नव्हत्या. युवराजनं हाताला धरून आणून आपल्या शेजारी बसवलं.

जोत्याचा तो प्रसंग आला तेव्हा बोलणं थांबलं. पडद्यावर त्या करड्या दिसत होत्या, दगडांच्याच रंगाच्या. मारताना हात धूसर व्हायचे. मागल्या बाजूला एक म्हातारी मुसमुसू लागली. युवराज मान वळवून कोण रडतंय ते बघत होता. त्याचं तोंड खुललं होतं.

तो आईच्या कानाशी वाकला.

"माय, तवा तुला खरंच वाटलं न्हवं, म्या मेलो म्हून?"

"चादर काढूस्तवर वाटलं," मथुराबाई पडद्याकडेच बघत म्हणाल्या. "मग गळा हलताना दिसला तुजा."

युवराजला ते आवडलं नाही. एवढा दम रोखून धरला होता.

"मंग रडलीस कशापायी?"

"तुजं तोंड बघून."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात त्यानं हे सगळ्यांना सांगितलं. माय म्हणती, तुजं तोंड बघूनच रडू आलं. लोक हसले. त्याच्याबरोबर टमटम चालवणारा बलभीम तर चहा सांडेपर्यंत हसला आणि म्हणाला, की ते आमालाबी येतं. युवराजही हसला. मग आणखी कुणी आलं, तेव्हा त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

जेवायला घरी आला तर हर्षाली दारात बसून शेंगा फोडत होती. आई कुठं आहे म्हणून त्यानं विचारलं. सकाळच्या एसटीनं त्या ईटला, भावाकडे गेल्या, असं ती म्हणाली.

"कवा येणार हाय?"

हर्षालीनं टरफलं सुपातून बाजूला सारली.

"लुगडी समदी नेलीत," ती म्हणाली.