बद्द वाजणारा खांब

मित्रांनो, मी ग्रीसमधल्या समुद्रदेवाच्या पडक्या देवळाचा एक खांब आहे. माझे वय अडीच हजार वर्षांच्या घरात आहे. मागच्याच डोंगरातल्या पाथरवटांनी माझे सात गोल तुकडे घडवले, बैलगाड्यांवरून आणून एकावर एक रचले आणि अंगावर वीस उभ्या पन्हळी कोरल्या. तेव्हा आम्ही अडतीस भाऊ होतो. गलबतावरचे लोक दुरून आम्हाला पाहून म्हणत, "आलं घर!"

पुढे छप्पर गेले, देवही गेला. माझ्या भावांना फोडून लोकांनी भट्टीत चुना भाजला. आम्ही तिघेच उरलो. कोणी प्रवासी माझ्या पोटावर आपले नाव कोरून गेला. तरी मी वाकलो नाही.

दोन वर्षांपूर्वी तिनोस बेटावरचे म्हातारे पाथरवट लोरेंझोस, लेक आर्गिरोबरोबर देऊळ बघायला आले. बघायला म्हणायचे इतकेच, त्यांची दृष्टी गेलेली होती. ते थेट माझ्यापाशी येऊन पन्हळींवर बोटे फिरवू लागले.

"अहो आजोबा, हात काढा! पाटी दिसत नाही का?" पहारेकरीण स्तामातिया ओरडली.

"नाही दिसत गं बाई. आंधळा आहे मी."

स्तामातिया ओशाळली.

"बाबा, चला आता," आर्गिरो कुजबुजली.

"थांब गं." ते बोटाच्या पेराने मला ठोकत होते. "इथे खणखणीत वाजतोय, अन् इथे बद्द. आत भेग आहे."

"दर वर्षी साहेब लोक तपासून जातात, आजोबा."

"ते डोळ्यांनी तपासतात, पोरी. तू कान लाव."

स्तामातियाने माझ्या अंगाला कान लावला. एकदा, मग पुन्हा. तिचा चेहरा उतरला. तिने तिथूनच कचेरीत फोन लावला आणि माणसे पाठवायचे कबूल होईपर्यंत ठेवला नाही. भेग खरीच होती, कोपरभर खोल. कारागिरांनी महिनाभर खपून ती सांधली.

पुढच्याच फेब्रुवारीत भूकंप झाला. कुंपणाची भिंत कोसळली, वाटेवरचे दगड गडगडत समुद्रात गेले. मी नखशिखांत हादरलो, पण उभा राहिलो! धापा टाकत आलेल्या स्तामातियाने मला पाहिले आणि लगेच तिनोसला फोन केला.

"आजोबा, उभा आहे हो तो!"

"असणारच! अडीच हजार वर्षांचा गडी आहे तो," म्हातारा हसला. "पण वाजवून बघत जा त्याला."

आता दर सोमवारी ती मला ठोकून बघते. तेव्हा माझी छाती अभिमानाने फुलते. मित्रांनो, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांकडे आलात, तर अंगावर नावे कोरू नका. जवळ बसा, घटकाभर कान द्या. आम्हाला पुष्कळ सांगायचे असते.